थांबलेली

तिचं काम कवळ्या बनवण्याचं होतं. दंतवैद्यांकडून आलेल्या ठशांमध्ये प्लास्टर ओतून जबडे तयार करायचे, त्यांवर मेणाच्या हिरड्या चढवायच्या आणि मग त्या मऊ मेणात एकेक दात बसवत जायचा. खिडकीजवळच्या टेबलाशी मान खाली घालून बसलं की सकाळ कशी सरली ते कळत नसे. नवशिके कारागीर सगळे दात शुभ्र आणि एका रांगेत बसवतात, आणि मग ती कवळी घालून माणूस हसला की समोरच्याला हसू दिसत नाही, कवळीच दिसते. तिला हे फार पूर्वी उमगलं होतं. ती पुढचा एखादा दात केसभर कलता ठेवी, एखाद्याची कड जराशी घासून टाकी, आणि तेवढ्या उणेपणामुळे सगळं तोंड खरं वाटू लागे. धाकटा भाऊ थट्टेनं म्हणायचा, "आमची ताई कुणाला दात दाखवते तेव्हा ते विकायचे असतात."

धाकटा दूरच्या शहरात राहत होता. घरात ती आणि वडील, अण्णा, दोघंच. अण्णांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून त्यांची खोली म्हणजे दवाखान्याची शाखाच झाली होती: भाड्यानं आणलेला लोखंडी पलंग, औषधांचा ट्रे, उशाशी टेलिफोन, डोक्याखाली दोन जाड उशा, वर सावकाश फिरणारा, करकरणारा पंखा. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की गिळताना त्यांना ठसका लागतो, तेव्हा सपाट झोपवायचं नाही आणि एकटं तर मुळीच सोडायचं नाही. सकाळी देखभालीच्या मावशी येत, अंग पुसून, जेवू घालून दुपारी जात. तोवर ती लॅबमधून येई आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अण्णा तिचे.

दुपारी जेवण झालं की अण्णांचा डोळा लागायचा. कोपऱ्यावरचा रस्ता ओलांडला की छप्पर असलेला पोहण्याचा तलाव होता आणि दुपारची वेळ बायकांची असे. पहिल्यांदा ती गेली तेव्हा पायऱ्या उतरतानाच तिची छाती धडधडत होती. परत आली तर अण्णा तसेच झोपलेले. मग ती पुन्हा गेली. ते झोपलेलेच असतात, आपण बसून तरी काय करतो, त्यांच्या श्वासाकडे बघत राहतो. डॉक्टरांना सांगायला काय जातं, त्यांना कुठं बसायचं असतं. धाकटा फोनवर चौकशी करून मोकळा होतो. आणि आपण कोलमडलो तर अण्णांकडे कोण बघेल, म्हणजे जातो तेही एका अर्थी त्यांच्यासाठीच. हे सगळं ती पाण्यावर पाठ टेकून, कान बुडवून, स्वतःला समजावत असे. एक गोष्ट मात्र ती स्वतःशीही बोलत नसे. हे कधी संपेल, हा विचार तिच्या मनात येऊन गेला होता. एकदाच आला असता तर गोष्ट वेगळी.

त्या दिवशी अण्णा झोपले नव्हते. ती पिशवी घेऊन दाराशी गेली आणि उशी सारखी करायला म्हणून परत वळली, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं तिची बाही धरली. "नको," ते म्हणाले. जीभ जड झाली होती, पण शब्द कळला. "अहो, येतेच," ती म्हणाली. त्यांनी सोडलं नाही. तेव्हा तिनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली, मेणातून चुकीचा बसलेला दात काढावा तशी, न दुखवता, आणि ती गेली.

परत आली तेव्हा अण्णा गेलेले होते. पलंगावर सपाट पडले होते, उशा खुर्चीवर होत्या. डॉक्टर आले, नाडी पाहिली, म्हणाले, "झोपेतच गेले. सुटले बिचारे." धाकट्याला फोन लावला तेव्हा तो बराच वेळ नुसता रडला आणि मग त्यानं विचारलं, "तू जवळ होतीस ना, ताई?"

विचार करायच्या आत तिच्या तोंडून निघून गेलं. "होते तर. माझ्या हातात हात होता. पाणी मागितलं, मी चमच्यानं दोनदा दिलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं नाही."

तो तिसरा चमचा तिला त्या क्षणी सुचला होता. बाकी सगळं सरळ होतं. तो तेवढा कलता बसवला आणि सगळं खरं वाटू लागलं.

भेटायला येणाऱ्यांना तिनं तेच सांगितलं. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "भाग्याचा माझा भाऊ. लेकीच्या हातात हात देऊन गेला." तिला वाटलं, यात कुणाचं काय बिघडलं? गेलेला माणूस परत येत नाही. राहिलेल्यांच्या जिवाला तेवढंच बरं वाटतं. खोटं कुणाला लुबाडण्यासाठी बोलतात, हे तर देण्यासाठी बोललेलं. मात्र एकटी असली की तिला डाव्या बाहीवर पाच बोटांचा भार जाणवे, आणि ती उजव्या हातानं बाही झटकून टाकी.

समोरच्या इमारतीत, नेमक्या अण्णांच्या खिडकीसमोर, एक बाई शिवणकाम करत असत. दिवसभर त्यांचं मशीन चालू असे, म्हणून सगळे त्यांना मशीनकाकू म्हणत. सांत्वनाचे दिवस ओसरल्यावर एकदा त्या गल्लीत भेटल्या. हातातली भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, "येणार येणार म्हणत राहूनच गेलं. पण त्या दुपारी मी खिडकीतच होते हो. सगळं डोळ्यांनी पाहिलंय."

चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, काकूंनी आपल्याला पिशवी घेऊन रस्ता ओलांडताना पाहिलं.

"किती निगुतीनं करत होतात," काकू म्हणाल्या. "सदरा बदललात, केस विंचरलेत, चमच्यानं पाणी पाजलंत. मला माझे वडील आठवले. आम्हाला नाही जमलं हो तसं."

तिनं निःश्वास सोडला. चमच्याची गोष्ट आता गल्लीभर झाली होती. ऐकलेलं माणसाला पाहिल्यासारखं वाटू लागतं, त्यात नवल काही नाही.

"मग उशा काढून त्यांना सरळ झोपवलंत," काकू पुढं म्हणाल्या, "आणि एक उशी हातात घेऊन किती वेळ त्यांच्यावर वाकून उभ्या होतात. म्हटलं, कानात काही सांगत असतील. बाप-लेकीचं बोलणं, आपण कशाला बघावं? मी मान खाली घातली आणि मशीन चालवलं."

ती म्हणाली, "काकू, तो दुसरा एखादा दिवस असेल."

"अहो, दुसरा कसा असेल? संध्याकाळी तर तुमच्या दारात माणसं जमली होती."

घरी येऊन ती अण्णांच्या खोलीत उभी राहिली. उशांबद्दल ती कुणाशीही बोलली नव्हती. आणि सदरा. त्या सकाळी मावशींनी आणि तिनं मिळून त्यांना चौकटीचा सदरा घातला होता. उजवा हात बाहीत घालताना किती वेळ लागला तेही तिला आठवत होतं. आणि त्यांना उचलून नेलं तेव्हा अंगात पांढरा होता. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला, स्वच्छ पांढरा. इतक्या दिवसांत तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं. तिनं कपाट उघडलं. चौकटीचा सदरा धुऊन, घडी घालून ठेवलेला होता. घडी तिच्याच पद्धतीची होती, दोन्ही बाह्या आत दुमडून. तशी घडी मावशींना कधी जमली नव्हती.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिनं एका वृद्धाची खालची कवळी उलट्या क्रमानं बसवली. मालकांनी ती हातात धरून पाहिली आणि हसून म्हणाले, "हे गृहस्थ मागच्या बाजूनं हसणार आहेत का?" सगळे हसले. तीही हसली. हसताना तिला वाटलं की आपलं तोंड कुणीतरी बनवून दिलंय.

पलंग परत करायचा होता, त्यासाठी येतो म्हणून धाकट्याचा फोन आला. बोलणं झालं, आणि ठेवता ठेवता तो म्हणाला, "ताई, एक सांगायचं राहिलं. त्या दुपारी तू फोन लावून अण्णांच्या कानाशी धरलास, ते फार बरं केलंस. नाहीतर माझ्या मनाला जन्मभर लागून राहिलं असतं."

ती भिंतीला टेकली.

"कुठल्या दुपारी?"

"त्याच. जेवणानंतर. तू म्हणालीस, बोल त्यांच्याशी, आणि मग अण्णा बोलले. नीट कळलं नाही मला. म्हणाले, ती गेली नाही. थांबली. दोनदा म्हणाले. कुणाबद्दल म्हणत होते गं?"

त्या वेळी तिचा मोबाइल तलावावरच्या कपाटात, कपड्यांच्या खाली होता. ती म्हणाली, "काही भ्रम झाला असेल रे त्यांना."

त्या दिवसापासून तिला घरात स्वस्थता मिळेना. खोटं बोलणाऱ्या माणसाला ते उघडं पडण्याची भीती असते; तिचं खोटं उघडं पडत नव्हतं, उलट त्याला साक्षीदार मिळत होते. जी थांबलीच नव्हती, तिला लोकांनी पाहिलं होतं, ऐकलं होतं, आणि ती अण्णांवर उशी घेऊन वाकली होती. आपण तिथं होतो असं म्हणावं, तर त्या खोलीत घडलेलं सगळं आपल्या पदरात घ्यायचं. नव्हतो म्हणावं, तर मग कोण होतं? तिच्या चालीनं चालणारी, तिच्यासारखी घडी घालणारी, तिचा आवाज असलेली. तिच्या मनातलं, तिनं कधीही न उच्चारलेलं, जिला ठाऊक होतं अशी.

आपण तिथं नव्हतो हे कुणीतरी सांगायला हवं होतं. आपला गुन्हा शाबीत करून घ्यायला माणूस इतक्या घाईनं निघाल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं; तलावाकडे जाताना तिला स्वतःचंच हसू आलं, आणि ते फार काळ टिकलं नाही.

कपाटांच्या चाव्या देणारी बाई तिला चांगली ओळखत होती. "बरेच दिवस झाले तुम्हाला येऊन," बाई म्हणाली. अण्णांचं कळल्यावर हळहळली. मग त्या दिवसाचं विचारलं तेव्हा बाईनं क्षणभरही विचार केला नाही.

"त्या दिवशी तुम्ही कुठं होता? त्या दिवशी कुणीच नव्हतं. पाणी काढून तलाव घासायला घेतला होता. मी दारात बसून एकेकीला परत पाठवत होते."

"मी आले होते. तुमच्याच हातून चावी घेतली."

"आदल्या दिवशी आला असाल."

"मी पाठीवर तरंगत होते," ती म्हणाली. आवाज चढला तसं बाकावर केस पुसत बसलेल्या दोघींनी वळून पाहिलं. "किती वेळ. मला आठवतंय."

बाई मऊ आवाजात म्हणाली, "दुःखात असं होतं हो. माझा मुलगा आजारी होता तेव्हा मला वारच कळत नव्हते."

परतताना ती कोपऱ्यावर थांबली आणि डोळे मिटून ती दुपार आठवू लागली. पाण्याचा गारवा आठवला. कानात भरलेली ती घुमी शांतता आठवली. वर पाहिलं होतं, छप्पर दिसलं होतं, उन्हाचे कवडसे हलत होते. ती आठवण तिनं नीट, कामाचं भिंग लावून पाहावी तशी पाहिली, आणि त्या छपराला मध्यभागी एक पंखा होता. सावकाश फिरणारा. त्याच्या एका पात्याला करकर येत होती.

तलावाच्या छपराला पंखा नव्हता.

ती जवळजवळ धावतच घरी आली. पोहण्याची पिशवी त्या दिवसापासून दारामागच्या खुंटीवर तशीच होती. तिच्याकडे बघायचंही तिनं टाळलं होतं. तिनं ती खाली ओढली आणि तिथंच जमिनीवर बसून उघडली. कुबट वासाचा भपकारा आला. आतला पोहण्याचा पोशाख ओलाच गुंडाळून ठेवलेला, आता काळ्या बुरशीच्या ठिपक्यांनी भरलेला. टॉवेलवरही तेच डाग. तिनं तो घाणेरडा गोळा दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"गेले होते," ती म्हणाली. "गेले होते मी."

आणि तिला रडू फुटलं. बाप बाही धरून असताना बोटं सोडवून पोहायला गेलेली मुलगी, एवढीच ती होती. त्याहून वाईट काही नव्हती. तिच्या जिवात जीव आला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण निदान दोन्ही आपलेच आहेत, असं तिला वाटलं. तिनं तो पोशाख धुतला नाही आणि फेकलाही नाही, गॅलरीत दोरीवर वाळत घातला, उघड, कुणालाही दिसावा असा.

धाकटा आला. हमालांनी पलंगाचे भाग सुटे केले, खाली नेले, आणि खोली एकदम मोठी झाली. फरशीवर चार पायांच्या खुणा राहिल्या. दोघं भिंतीला टेकून खालीच बसले, चहाचे कप घेऊन, लहानपणी बसत तसे. तिनं एका दमात सगळं सांगितलं: बाही, बोटं, तलाव, चमचा. काहीही मऊ केलं नाही. दमले होते म्हणून, असं तोंडाशी आलं तेही गिळलं.

धाकट्यानं कप खाली ठेवला.

"मग फोनवर कोण होतं?"

"मला माहीत नाही."

"थट्टा नाही ना करत, ताई?"

"नाही रे."

तो पलंगाच्या खुणांकडे बघत राहिला. "मला तेव्हाच वाटलं होतं," तो हळू म्हणाला. "तुझा आवाज फार शांत होता. दमलेला नव्हता. अण्णा पडल्यापासून तू एकदाही दमल्याशिवाय बोललेलं मी ऐकलं नव्हतं." मग त्यानं अंग झटकल्यासारखं केलं. "जाऊ दे. भास म्हण, काही म्हण. तू तासभर गेलीस. मी तर आलोच नाही कधी. तुला बोलायला मला तोंड आहे का?"

"मला बोल तरी काहीतरी."

"काय बोलू? मी माफ करण्यासारखं यात माझं काही नाही, ताई. तुझं तुलाच करायला हवं. आणि कर. अण्णांना तुझी कीव आली असती, राग नसता आला."

खालून हमालांनी हाक मारली. टेम्पो गल्लीत वळत नव्हता. "बघून येतो," म्हणून धाकटा उठला, जाता जाता त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, जणू तोच मोठा होता, आणि जिन्यावरून त्याच्या चपलांचा आवाज खाली खाली जात विरून गेला.

दुपारचं ऊन रिकाम्या फरशीवर आलं होतं. ती उठली आणि पलंगाच्या चार खुणांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बाहीवरचा भार आज जाणवत नव्हता. धाकट्यानं सांगितलं ते करायला सोपं वाटत होतं. फक्त ते मोठ्यानं म्हणायला हवं, असं तिला वाटलं, मनातल्या मनात म्हटलेल्याला काही अर्थ नसतो.

"त्यांनी नको म्हटलं होतं," ती म्हणाली. "तरी मी गेले. ते एकटे गेले. पुढं मी खोटं बोलले. हे सगळं मी केलं." तिचा आवाज खोलीत थोडा घुमला. तिनं श्वास घेतला. खूप दिवसांनी तो पोटापर्यंत गेला. "आणि आता मी स्वतःला माफ केलं."

पलीकडच्या खोलीत कुणी नव्हतं. तिथून, तिच्याच आवाजात, अजिबात न दमता, कुणीतरी म्हणालं,

"मी नाही केलं."